आया योर्गीची चढण

माझ्या सासूबाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. आमच्या घरात अलीकडे झालेली जवळजवळ सगळी भांडणं फिरून फिरून या एका वाक्यापाशी येतात.

इमारत शहराच्या कुर्तुलुश भागातल्या एका उतरत्या गल्लीत आहे. जिना दगडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठडा एकाच बाजूला आहे आणि तोही तिसऱ्या मजल्यावर संपतो, कारण चौथा मजला मागाहून चढवलेला. सासूबाईंचं नाव नेझिहे. सगळी गल्ली त्यांना नेझिहे हानम, म्हणजे नेझिहेबाई, म्हणते. आयुष्यभर त्यांनी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. आता दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, पण त्यांचं म्हणणं असं की गुडघे त्यांचे आहेत आणि घरही त्यांचंच आहे, तेव्हा त्या दोघांनी आपसात काय ते मिटवून घ्यावं. घरात लागणारं सामान त्या टोपलीने वर घेतात. दोरीला बांधलेली टोपली खिडकीतून खाली सोडायची, खालचा दुकानदार रेम्झी तीत पाव, दही, वर्तमानपत्र ठेवतो, की ती वर ओढून घ्यायची. या निमित्ताने दिवसातून चार वेळा खिडकीतून गप्पा होतात.

माझा नवरा सुआत त्यांचा एकुलता एक मुलगा. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. त्याच्या टेबलावर रोज कोणी ना कोणी घसरून पडलेलं असतं. कोणी न्हाणीघरात, कोणी गालिच्याच्या कडेला अडखळून, आणि बरेच जण जिन्यात. त्यामुळे आईच्या जिन्याकडे पाहिलं की त्याला पायऱ्या दिसत नाहीत, पडलेली आई दिसते. आम्ही सामुद्रधुनीच्या पलीकडे, अताशेहिरमधल्या एका उंच इमारतीत राहतो. तिथे तीन लिफ्ट आहेत आणि आमची एक खोली रिकामी आहे. सुआतने त्या खोलीत आईसाठी पलंगही आणून ठेवला होता. सासूबाई एकदा येऊन खोली बघून गेल्या. सुरक्षेसाठी आमच्या खिडक्या वितीएवढ्याच उघडतात. त्या फटीतून त्यांनी हात बाहेर घालून पाहिला आणि म्हणाल्या की इथून टोपली तर सोडाच, पावसाचा अंदाजसुद्धा घेता यायचा नाही.

मार्चमधल्या एका रविवारी, न्याहारीच्या वेळी, सुआतने तो विषय पुन्हा काढला. सासूबाईंनी तोंडातल्या ऑलिव्हची बी बशीच्या कडेला ठेवली.

"तेवीस एप्रिलला मी बेटावर जाणार," त्या म्हणाल्या. "आया योर्गीची चढण माझ्या पायांनी चढले, तर घराचा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. नाही चढले, तर त्याच संध्याकाळी बॅग भरते."

सुआतने लगेच कबूल केलं. इतक्या लगेच, की मला त्याचा थोडा रागच आला.

आया योर्गी म्हणजे ब्युयुकआदा बेटाच्या सर्वात उंच टेकडीवरचा ग्रीक मठ. तेवीस एप्रिल हा तिथल्या संताचा दिवस. त्या दिवशी निम्मं शहर बोटीत बसतं, आणि त्यातले बहुतेक आमच्यासारखे मुसलमान असतात. संत कुणाचा आणि मागणारा कोण, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. टेकडीच्या पायथ्याशी झुडपाला धाग्याचं टोक बांधायचं आणि रीळ सोडत सोडत, एक शब्दही न बोलता, वरपर्यंत जायचं. धागा तुटला नाही तर मागणं पुरं होतं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. धाग्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या चढणीची उंची मी काढून पाहिली. ती सासूबाईंच्या जिन्याच्या सात-आठ पट भरते. शिवाय फरशी दगडी आणि ओबडधोबड.

त्या दिवशी भांडी आवरताना मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. आईला इथे 'अन्ने' म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते.

"अन्ने, चढताना दम लागतो, हृदयाला काम पडतं. तुमचं हृदय ठणठणीत आहे. उतरताना मात्र सगळा भार गुडघ्यांवर येतो, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट. खरी परीक्षा उतारावर आहे."

त्या चहाचे पेले पुसत होत्या. एकेक पेला उजेडात धरून पाहत होत्या.

"पैज चढायची आहे, पोरी."

"पण घर?"

"आधी पैज."

पुढच्या दिवसांत सुआतच्या लक्षात आलं की आई खरंच जाणार. मग त्याने धोरण बदललं. पैजेबद्दल तो बोलेनासा झाला आणि सहलीच्या विरोधात पुरावे गोळा करू लागला. एका दिवसासाठी बेटावर जाण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न तो ऑफिसात, शेजारी, न्हाव्याकडे, सगळीकडे विचारून आला. शहरातल्या प्रत्येकाला या विषयावर मत असतं, त्यामुळे उत्तरांची टंचाई नव्हती. एका सहकाऱ्याने गेल्या वर्षी मुलांना नेलं होतं. तो बेटावर होता त्याहून जास्त वेळ बोटीच्या रांगेत होता. घोडागाड्या बंद झाल्या, आता विजेवरच्या गाड्या आहेत, तर त्यांनाही रांग. आइस्क्रीमला रांग, बसायला जागा नाही, आणि सुट्टीच्या दिवशी तर शहाण्या माणसाने जाऊच नये. सुआत फोनवर अनोळखी लोकांचे अभिप्राय काढून आईला वाचून दाखवायचा. एका माणसाने बेटाला पाचपैकी दोन तारे दिले होते आणि लिहिलं होतं की बघण्यासारखं काही नाही, नुसती झाडं आणि घरं.

"बघायला जातंय कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण अख्खा दिवस जातो. हाती काय लागतं?"

"ते वर गेल्यावर कळेल."

मग तो माझ्याकडे वळला. "इज्लाल, तू शास्त्र शिकलेली. तूच सांग, याला काही अर्थ आहे का?"

मी म्हटलं की मोजमाप होण्याआधी मी निष्कर्ष सांगत नाही. त्यावर, तुझ्यापेक्षा तो न्हावी परवडला, असं म्हणून तो आंघोळीला गेला.

तेवीस एप्रिलला आम्ही कबाताशच्या धक्क्यावरून सकाळची बोट धरली. इथला बालदिनही त्याच दिवशी असतो. बोटीवर झेंडे लावलेले, मुलं परीच्या आणि शिपायाच्या पोशाखात, आणि डेकवर पाय ठेवायला जागा नाही. सुआतच्या पाठीवर घडीचं स्टूल, पाणी, गुडघ्यांचे पट्टे आणि दुखण्यावर मारायचा फवारा. जणू तो मोहिमेवर निघाला होता. सासूबाईंच्या हातात फक्त जाळीची पिशवी. त्यांनी तीळ लावलेलं सिमितचं कडं घेतलं, अर्धं खाल्लं, अर्धं समुद्रपक्ष्यांना टाकलं, आणि बेट दिसू लागल्यावर हात झटकून उभ्या राहिल्या. धक्क्यापासून पायथ्याच्या चौकापर्यंत गाडी होती आणि तिला खरोखरच लांबलचक रांग होती. सुआतने स्टूल उघडून ठेवलं. त्या बसल्या नाहीत.

"राहू दे. तुलाच लागेल," त्या म्हणाल्या.

चौकात रंगीत रिळांचे ढीग मांडून विक्रेते बसले होते. मी एक पांढरं रीळ घेतलं. मला काही मागायचं नव्हतं. मला त्यांच्याबरोबर चालायचं होतं, आणि हातात धागा असला की त्यांच्या बाजूने चालता येतं, पहारेकरी वाटत नाही. सासूबाईंनी पिशवीतून स्वतःचा धागा काढला. कारखान्यात यंत्रावर लावतात तो कॉलरच्या धाग्याचा मोठा शंकू, निमुळता, मलईच्या रंगाचा. शेजारच्या विक्रेत्याने मान वाकडी करून पाहिलं.

"तेझे, या धाग्यात तू बुर्साला जाऊन येशील," तो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला इथे कुणीही अनोळखी माणूस मावशी म्हणतो.

"मधे समुद्र आहे, नाहीतर गेलेही असते."

त्यांनी एका ओकच्या झुडपाला टोक बांधलं. शिवणाऱ्या बाईची गाठ, छोटी आणि पक्की. मग सुआतकडे वळल्या.

"आता वर जाईपर्यंत माझं तोंड बंद. इज्लालचंही. तू धागा घेतला नाहीस, तेव्हा तुला काय बोलायचं ते बोल."

आणि त्या चालू लागल्या.

माझा धागा पहिल्याच वळणावर तुटला. परीच्या पोशाखातल्या एका मुलीच्या बुटात तो अडकला आणि गेला. म्हणजे त्या क्षणापासून मला बोलायला हरकत नव्हती. पण मी बोलले असते तर सुआतने मला लगेच साक्षीला उभं केलं असतं. म्हणून मी रिकामं रीळ मुठीत धरून गप्प राहिले.

रस्ता लोकांनी भरलेला होता, पण आवाज विचित्र कमी होता. शेकडो बूट दगडांवर घासत होते आणि त्या आवाजात बोलणारा जवळजवळ एकटा सुआत. सुरुवातीला त्याने दगडांवर मत दिलं. मग चढावर. मग, आई, इथे थांबलीस तरी कोणी काही म्हणणार नाही, मी तर नाहीच. मग त्याने आमच्या इमारतीच्या खालच्या बागेची महती सांगितली, जिच्यात बाकं आहेत. मग डॉक्टरांची. मग लिफ्टची. सासूबाई एक पाऊल टाकायच्या, दुसरा पाय त्याच्याशेजारी आणून ठेवायच्या, मग पुढचं पाऊल. हातातला शंकू हळूहळू फिरत होता आणि धागा मागे दगडांवर, झुडपांवर, इतर हजार धाग्यांवर पडत होता. जी भांडतच नाही तिच्याशी भांडण चालू ठेवणं सुआतला जड जाऊ लागलं. त्याची वाक्यं तोकडी झाली.

अर्ध्या वाटेवर एक बुटकी भिंत आहे. तिथे सासूबाई थांबल्या आणि भिंतीला एका हाताने टेकल्या. रस्त्याच्या कडेला एक तरुण जोडपं उकिडवं बसून खडे मांडत होतं. ज्यांना घर हवं असतं ते असं घर मांडतात. त्यांनी खड्यांच्या भिंती केल्या होत्या आणि साखरेच्या चौकोनी वड्यांची गच्ची. मुलगी गच्ची पुन्हा पुन्हा सरळ करत होती. सासूबाई ते पाहत राहिल्या. त्यांचा श्वास मोठा झाला होता, वरच्या ओठावर घाम होता. मी मनात त्यांचे श्वास मोजले आणि मला चिंता करण्यासारखं काही वाटलं नाही.

सुआतने स्टूल उघडून ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसला.

"जानेवारीत बर्फ पडलं होतं, आठवतं?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "तू फोन उचलला नाहीस. सहा वाजता नाही, सातला नाही, नंतरही नाही. मी ऑफिसातून निघालो. पुलावर गाड्या जागच्या जागी. गाडी शिश्लीत सोडली आणि तिथून पळत आलो."

मला त्याने त्या दिवशी सांगितलं होतं की ऑफिसात काम निघालं.

"चार मजले धावत चढलो. तुझ्या दारासमोर आलो. किल्ली हातात होती. आणि आई, मला दार उघडवेना. रोज मी लोकांच्या पडण्याचे कागद वाचतो, कोण कधी सापडलं, किती वेळाने सापडलं. मला वाटलं, जोवर मी दार उघडत नाही तोवर तू बरी आहेस. मी पायरीवर बसून राहिलो. मग आतून रेडिओ ऐकू आला. तू गाण्याबरोबर गुणगुणत होतीस, बेसूर. मी तसाच खाली उतरलो."

त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं.

"मला पुन्हा त्या दारासमोर बसायचं नाहीये. एवढंच आहे. बाकं, बाग, लिफ्ट, ते सगळं मी उगाच बोलतो."

सासूबाईंना बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर धागा तिथेच वाया गेला असता. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी सुआतकडे बराच वेळ पाहिलं. शंकू डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने त्याच्या गालावर दोनदा थोपटलं, तो लहान असताना शाळेत निघाला की थोपटत असतील तसं. मग ओठ घट्ट मिटून चढ चढू लागल्या.

उरलेला रस्ता सुआत काही बोलला नाही.

शेवटचा टप्पा सर्वात तीव्र आहे. तिथे दर काही पावलांनी त्या थांबत होत्या. गुडघ्यांचे पट्टे त्यांनी नाकारले, माझा हात नाकारला. एकदा त्यांचा पाय दगडावरून सरकला आणि सुआतचे दोन्ही हात पुढे आले, पण त्याने त्यांना हात लावला नाही. कारण पैज स्वतःच्या पायांनी चढण्याची होती आणि ती मोडू नये हे आता त्यालाही हवं होतं, असं मला वाटलं. मठाच्या दारापाशी त्यांनी शंकूवरून धागा दाताने तोडला आणि शेवट एका फांदीला बांधला. खालपासून वरपर्यंत तो अखंड होता की नाही हे हजार धाग्यांत तपासणं शक्य नव्हतं. शंकूवर अजून पुष्कळ धागा शिल्लक होता.

मग त्या सुआतकडे वळल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

"बेल का नाही वाजवलीस? चहा केला असता."

सुआत हसायला लागला आणि मग त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

"आणि फोन मला रेडिओमुळे ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं काहीतरी करायला हवं, ते मला मान्य आहे. पाणी दे."

आत जाऊन त्यांनी मेणबत्ती लावली. काय मागितलं ते विचारायचं नसतं. वरच्या बागेत आम्ही कोफ्ते आणि पाव खाल्ला. खाली समुद्र, बाकीची बेटं, एर्गुवानची झाडं गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली. सुआत म्हणाला की पैज तो हरला आणि शब्द पाळणार. त्याने ते नीट, आईकडे बघून म्हटलं. माझ्या ताटातलं संपलं नव्हतं. मला उतार दिसत होता.

उतारावर पहिल्या दहा पावलांतच त्यांचा चेहरा बदलला. उजवा गुडघा वाकताना थरथरला. मी पुढे झाले. तेवढ्यात त्या थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि गर्रकन वळून मठाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एका हाताने कडेची भिंत धरली, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, आणि पाठमोऱ्या उतरू लागल्या. पंजा आधी, मग टाच. सावकाश, पण थरथर थांबली. सवयीचं पाऊल होतं ते. पाहताक्षणी मला कळलं की त्या हे आज पहिल्यांदा करत नाहीत.

"सुआत," त्या म्हणाल्या, "तू खाली राहा आणि कोणी आडवं आलं तर सांग."

सुआत खाली गेला आणि लोकांना बाजूला होण्याची विनंती करू लागला.

आमच्याकडे थडग्याचं दर्शन घेऊन निघताना संताकडे पाठ करत नाहीत, पाठमोरे बाहेर पडतात. दारापर्यंत, उंबऱ्यापर्यंत. अख्खी टेकडी असं उतरलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. वर येणाऱ्या बायका, तोंडं मिटलेली, सासूबाईंकडे बघून आदराने छातीवर हात ठेवू लागल्या. आमच्या मागून उतरणारी एक चाळिशीची बाई थबकली आणि मैत्रिणीला म्हणाली की माझी आजी सांगायची, खरी रीत हीच, लोक विसरले. आणि तीही वळली. मैत्रीण वळली. मग एक म्हातारं जोडपं. मग एक जाड गृहस्थ, जे चार पावलांनी मोठ्या समाधानाने म्हणाले की संताची कृपा बघा, गुडघ्याला लगेच उतार पडला. थोड्या वेळात आमच्या वर एक अख्खी रांग मठाकडे तोंड करून पाठमोरी उतरत होती आणि एकमेकांवर आपटत होती.

सुआतने वर पाहिलं आणि तो पांढरा पडला.

"हे सगळे उद्या माझ्या टेबलावर येणार," तो म्हणाला. आणि मग दुसरा इलाजच नसल्यासारखा तो त्या रांगेचा रखवालदार झाला. भिंत धरा. डावीकडे दगड सुटलाय. ताई, तुम्ही तरुण आहात, तुम्ही सरळ चाला. दोन-दोन नको, एकेक. जाड गृहस्थांनी त्याला मठातला सेवक समजून आशीर्वाद दिला.

"अन्ने," मी हळूच म्हटलं, "लोक तुमची नक्कल करताहेत."

"करू देत. गुडघे त्यांचेही आहेत."

चौकात पोचल्यावर सुआतने त्यांना स्टुलावर बसवलं. यावेळी त्या बसल्या.

"हे कुठे शिकलीस?" त्याने विचारलं.

"जिन्यात."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"मी तुला असं उतरताना कधी पाहिलं नाही."

"तुम्ही येता तेव्हा मी उतरते कुठे? दारातूनच निरोप देते. आणि कुठे जायचं असलं, की तुम्ही यायच्या आधीच खाली येऊन उभी राहते."

परतीच्या बोटीत मुलं दमून आयांच्या मांडीवर झोपली होती. सासूबाई खिडकीपाशी, सुआत त्यांच्यासमोर, मी मधे. बराच वेळ त्याच्या हातातला चहा गार होत होता.

"तू पैज जिंकलीस," तो शेवटी म्हणाला. "विषय काढणार नाही म्हटलंय, तर नाही काढणार. पण हे मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला रोज तू उलटी उतरताना दिसणार."

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला ठाऊक होतं की दोघंही आता बोलायचे थांबतील. तो शब्द पाळेल आणि त्या घरात राहतील. तो पुन्हा एखाद्या रात्री त्या पायरीवर बसेल आणि त्या पुन्हा एकट्या, भीत भीत, सगळ्यात वरचा जिना उतरतील. दोघांनाही ते पुरेसं वाटेल. मला वाटलं नाही.

"उलटं उतरण्यात वाईट काही नाही," मी म्हटलं. "गुडघा कमी वाकतो, भार मांडीच्या मागच्या बाजूला जातो. धरायला काही असेल तर ते सरळ उतरण्याहून सुरक्षित आहे. आज त्यांनी भिंत धरली होती आणि माझा खांदा होता. प्रश्न तिसऱ्या मजल्याच्या वर आहे. तिथे कठडा संपतो. अन्ने, त्या वरच्या पायऱ्यांवर तुम्ही काय धरता?"

त्यांनी पिशवीतला शंकू सारखा केला.

"अन्ने."

"भिंत."

"जिन्याच्या भिंतीला धरायला काही नाही. ती सपाट आहे."

"हात टेकते."

"टेकणं म्हणजे धरणं नाही. चौथ्या मजल्यापासून रस्त्याच्या दारापर्यंत, दोन्ही बाजूंनी, हाताच्या मुठीत मावेल असा कठडा हवा. तो झाला तर मी सुआतला सांगेन की तुमचं घर तुमच्यासाठी ठीक आहे, आणि तो माझं ऐकतो. नाही झाला तर मी त्याच्या बाजूने."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला असं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"पैजेत हे नव्हतं."

"नव्हतं."

"आणि इमारतीतले लोक तयार होणार नाहीत. मागे तीनदा विषय निघाला."

"होतील," सुआत म्हणाला. त्याने गार चहा एका घोटात संपवला.

पुढच्या शनिवारी तो मजल्यामजल्यावर गेला. त्याच्याकडे जिन्यात पडलेल्या लोकांच्या कहाण्यांचा मोठा साठा आहे आणि त्या तो अतिशय शांत आवाजात सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिसऱ्या कहाणीला होकार दिला. पहिल्या मजल्यावरचे शिक्षक दुसऱ्यालाच म्हणाले की करा, काय करायचं ते करा, पण जेवताना नको. लोहार आला. आणखी एका मजल्यावरून थोडी कुरकुर झाली, मग तीही मिटली. फोनला सुआतने एक दिवा जोडला, फोन वाजला की स्वयंपाकघरात लाल उजेड पडतो. सासूबाई म्हणतात की त्यांना आगगाडीच्या फाटकापाशी राहिल्यासारखं वाटतं.

कठडा लागला त्या दिवशी त्या आमच्यासमोर पहिल्यांदा खाली उतरल्या. दोन्ही हातांनी धरून, मठाकडे नाही तर स्वतःच्या दाराकडे तोंड करून. सुआत त्यांच्या खाली एक जिना सोडून चालत होता आणि हात खिशात ठेवण्याचा प्रयत्न करत होता. रस्त्यावर रेम्झी दुकानाच्या दारात उभा होता. त्यांचं उलटं येणं बघून त्याने विचारलं की नेझिहे हानम, हे काय नवीन?

"आया योर्गीची रीत आहे," त्या म्हणाल्या.

रेम्झीने ते मनावर घेतलं. आता तो दुकानातून तीन पायऱ्या पाठमोरा उतरतो.

यंदा मार्च सुरू झाला तसा सुआतच्या ऑफिसातला एक नवा मुलगा त्याला विचारत होता की सुट्टीच्या दिवशी बेटावर एक दिवसाची चक्कर मारण्यात अर्थ आहे का. सुआतने त्याला रांगांबद्दल सांगितलं, गर्दीबद्दल, आइस्क्रीमबद्दल, सगळं खरं सांगितलं, आणि सांगितलं की शहाण्या माणसाने त्या दिवशी जाऊ नये. मग त्याने घरी येऊन आईला फोन केला आणि तिच्या त्या कॉलरच्या शंकूवर अजून धागा आहे का, असं विचारलं. यावेळी तोही बांधणार होता.

फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"धागा आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण तू बांधू नकोस. तू बोल."